बाबांच्या डब्यातल्या तीन पोळ्या

आमच्या क्वार्टरमधलं घड्याळ कायम मागे पडायचं, पण त्याची कोणाला गरजही नव्हती. फॅक्टरीचा भोंगा होता. सकाळचा पहिला भोंगा झाला की आमच्या दारावरून सायकली सुरू व्हायच्या. आधी एकदोन, मग दहावीस, मग सगळा रस्ताच सायकलींचा. शेकडो चेनांची ती एकसारखी किरकिर, मधेच एखादी घंटी, कोणाचा खोकला, कोणाचं 'जय राम जी की', आणि शेवटच्या भोंग्यानंतर एकदम शांत. सगळे बाप्ये आत गेले, आता वस्तीत फक्त बायका आणि पोरं, असा त्या शांततेचा अर्थ होता. आई त्या पहिल्या भोंग्याच्याही दोन तास आधी उठलेली असे. शेगडीत कोळसे पेटवायचे, कणीक मळायची, भाजी फोडणीला टाकायची. मी आणि माझी धाकटी बहीण नलू गोधडीत असतानाच मोहरी तडतडल्याचा आवाज यायचा आणि त्याच्यामागून हिंगाचा वास. डोळे न उघडता मला कळायचं की आज मेथी आहे की वांगं.

ते सगळं बाबांच्या डब्यासाठी. पितळेचा, आतून कल्हई केलेला, तीन खणांचा डबा होता. खालच्या खणात तीन पोळ्या, मधल्यात भाजी, वरच्यात घट्ट वरण आणि कोपऱ्यात लिंबाचं लोणचं. पोळ्या गव्हाच्या. हे मुद्दाम सांगायला हवं, कारण त्या वर्षांत गहू सहज मिळत नव्हता. रेशनवर लाल मिलो यायचा, परदेशातून आलेली एक जाडीभरडी ज्वारी. तिच्या भाकरी थापताना चिरत आणि गार झाल्यावर चामड्यासारख्या होत. जबलपूरजवळच्या पनागरहून भाजी घेऊन येणाऱ्या बाईकडून आई अधूनमधून पायलीभर चांगला गहू मिळवायची, तो वेगळ्या पत्र्याच्या डब्यात ठेवायची. तो बाबांचा. आम्ही तिघी मिलो खायचो. त्यात कोणाला अन्याय वगैरे वाटत नव्हता. बाबा बारा तास उभं राहून काम करायचे.

चीनशी लढाई झाली तेव्हापासून फॅक्टरीत ओव्हरटाईम सुरू झाला होता, तो पुढे थांबलाच नाही. बाबा फिलिंगच्या सेक्शनमध्ये होते, म्हणजे तोफगोळ्यांत दारू भरायची तिथे. तिथली पावडर पिवळी होती. ती हातांना हळदीसारखी लागायची, पण हळद दोन दिवसांत उतरते, ही उतरत नसे. बाबांची नखं, बोटांची पेरं, तळहाताच्या रेषा, सगळं पिवळं. नलूला लहानपणी वाटायचं की सगळ्यांच्याच बाबांचे हात पिवळे असतात. शहरात राइट टाउनला आमचे एक नातेवाईक होते, पोस्टात नोकरीला. त्यांचे पांढरे हात पाहून तिनं विचारलं होतं, काकांना काय झालं आहे?

मी तेव्हा चौदा वर्षांची होते. शाळा सुटल्यावर एका बाईंकडे शिवण शिकायला जायचे आणि परत येताना वाटेत पाण्याची मोठी टाकी लागायची. एका संध्याकाळी त्या टाकीपाशी बाबा सायकल टेकवून उभे दिसले. मला वाटलं चेन उतरली. जवळ गेले तर त्यांनी हँडलवरची पिशवी काढून माझ्या हातात दिली. डबा जड होता. सकाळी आईनं भरला होता तेवढाच जड.

"खाऊन टाक बेटा," ते म्हणाले. "आज मले वेळच नाही भेटला. तुझ्या आईले नको सांगू. तिले वाईट वाटते."

मी टाकीच्या मागच्या चौथऱ्यावर बसून तीनही पोळ्या खाल्ल्या. गार झालेल्या, वरणात भिजवून मऊ केलेल्या गव्हाच्या पोळ्या. मिलोच्या भाकरीनंतर त्या इतक्या गोड लागल्या की मी वरच्या खणाला लागलेलं वरणसुद्धा बोटानं पुसून खाल्लं. बाबा तोवर सायकलीजवळ उभे राहून रस्त्याकडे पाहत होते. मग टाकीच्या नळावर डबा खंगाळून आम्ही घरी आलो. आईनं पिशवी घेतली, डबा उघडून पाहिला आणि तिच्या चेहऱ्यावर एक समाधान आलं. ते समाधान मी त्या दिवशी पाहिलं आणि मला जराही काही वाटलं नाही. वाटायला हवं होतं, हे मी इतक्या वर्षांनी लिहिते आहे.

दोनचार दिवसांनी पुन्हा तसंच झालं. मग आठवड्यात तीनदा, मग जवळजवळ रोज. आमच्यात काही ठरलं नव्हतं, पण शिवणाचा वर्ग संपत आला की मला भूक लागायची आणि मी टाकीकडे झपाझप चालायचे. बाबा पुढे काही बोलतही नसत. पिशवी द्यायचे. एकदा मी विचारलं की मग तुम्ही काय खाता? ते म्हणाले, चहा होतो ना दिवसातून सहासात वेळा, आणि गेटबाहेर मंगोडे मिळतात. मुगाच्या डाळीचे गरम मंगोडे, सोबत तळलेली मिरची आणि लाल चटणी. आमच्या जबलपूरच्या माणसाचा त्यावर जीव. दिवसभर रिकाम्या पोटात चहा ओतायचा आणि संध्याकाळी भोंगा झाला की ठेल्यावर उभं राहून कढईतून निघालेले मंगोडे खायचे, असं त्यांचं खाणं झालं होतं. सगळ्यांचंच तसं होतं. ठेल्याभोवती इतकी गर्दी असायची की मंगोडेवाल्याला मान वर करायला फुरसत नसे. घरी आल्यावर बाबा दोन घास खायचे आणि भरलं पोट, म्हणायचे. आईला ते पटायचं, कारण दुपारी तीन पोळ्या खाल्लेला माणूस रात्री कमीच जेवणार.

पण ते वाळत चालले होते हे तिला दिसत होतं. शर्टाची कॉलर मानेभोवती सैल झाली. जेवणानंतर ते छातीखाली मूठ दाबून बसायचे आणि खायचा सोडा मागायचे. एवढं खाऊन अंगाला का लागत नाही, हे कोडं आईला सुटेना. तिनं आधी डब्यातली मिरची कमी केली. मग पोळ्यांना तूप लावायला लागली. घरात रोज जे पावशेर दूध यायचं, त्यातला तिच्या चहापुरता भाग तिनं बंद केला आणि विरजण लावून दही बाबांच्या डब्यात द्यायला सुरुवात केली. शेजारच्या शुक्लाभाभींनी सांगितलं म्हणून दृष्टसुद्धा काढली. स्वतः कधी जेवायची, मला आठवत नाही. आमचं झाल्यावर ती स्वयंपाकघरात पाठमोरी बसायची. एकदा मी पाणी प्यायला आत गेले तर तिच्या ताटात अर्धी भाकरी आणि मीठ होतं. मला पाहून तिनं ताट पदराआड केलं नाही की काही नाही, फक्त म्हणाली, आज भूकच नाही.

आणि मी वाढत होते. फ्रॉक काखेत काचायला लागले. आई शिवण उसवून ते सैल करायची आणि शुक्लाभाभींना कौतुकानं सांगायची, "पोरगी मिलो खाऊनही कशी वाढून राहिली पाहा." मी तिथेच उभी असायचे. त्या तुपाची, त्या दह्याची चव माझ्या जिभेवर असायची.

माझी नात हल्ली पुण्यात नोकरी करते. तिच्याकडे कप्प्याकप्प्यांचा एक प्लास्टिकचा डबा आहे, एका कप्प्यात बदाम, एकात फळाच्या फोडी, एकात भाजलेले मखाणे. कामाच्या धबडग्यात जेवायला वेळ मिळत नाही म्हणून दर अडीच-तीन तासांनी थोडं थोडं खायचं, असं ती मला फोनवर समजावून सांगते, जशी काही ही गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकते आहे. मी ऐकून घेते. पण मागच्या खेपेला ती कामावरून थेट इकडे आली होती, तेव्हा संध्याकाळी तिच्या पिशवीतून तो डबा काढून मी उघडला. बदाम तसेच, फोडी काळ्या पडलेल्या. मीटिंगा होत्या गं आजी, ती म्हणाली. मी तो डबा मांडीवर घेऊन खालीच बसले. तिला वाटलं मला चक्कर आली.

पाकिस्तानशी लढाई सुरू झाली तशी फॅक्टरीची रविवारची सुट्टीही गेली. खिडक्यांच्या काचांना आम्ही काळे कागद चिकटवले. रेडिओवर बातम्या लागल्या की क्वार्टरांची सगळी लाइन आमच्या ओट्यावर जमायची. बाबांना त्या दिवसांत एक वेगळीच धग चढली होती. त्यांना कोणी जबरदस्ती केली नव्हती हे मला आवर्जून सांगायचं आहे. सुपरवायझरनं एकदा त्यांना घरी जाऊन पड म्हटलं तर ते म्हणाले होते, तिकडे पोरं लढून राहिली, मी कसा पडू? डबा आता रोजच भरलेला यायचा. एका संध्याकाळी टाकीपाशी ते सायकलवरून उतरले आणि उतरल्या उतरल्या खाली बसले, कपाळ हँडलच्या दांडीला टेकवून. चेहरा राखेसारखा झालेला. मी म्हटलं, "बाबा, मी आईला सांगते." त्यांनी मान हलवली. लढाई संपू दे, मग मी स्वतः सांगतो, असं म्हणाले. मी थोडा वेळ उभी राहिले. मग चौथऱ्यावर जाऊन बसले आणि डबा उघडला. त्या दिवशीही मी खाल्लं. ही गोष्ट मी माझ्या नवऱ्यालाही कधी सांगितली नव्हती.

त्यानंतरच्या आठवड्यातली गोष्ट. भर दुपार होती, रविवार असून फॅक्टरी चालू होती. आई अंगणात बाबांसाठी मूठभर शेवया वळत होती. शुक्लाजी, म्हणजे शुक्लाभाभींचे यजमान, बाबांच्याच सेक्शनमध्ये होते. ते त्या वेळी सायकलवर येताना दिसले. ड्यूटीच्या वेळेला बाप्या माणूस रस्त्यावर दिसला की वस्तीतल्या बायका जागच्या जागी थांबायच्या. दारूच्या कामात काय होऊ शकतं हे सगळ्यांना ठाऊक होतं. आईच्या हातातली शेवई तुटली. शुक्लाजींनी लांबूनच हात हलवला. "कुछ फटा नहीं है, भाभी. दादा को उल्टी हुई है. खून की. अस्पताल ले गए हैं."

मोठ्या हॉस्पिटलच्या वॉर्डात बाबा भिंतीकडच्या खाटेवर होते. चादर पांढरी, त्यांचा चेहरा त्याहून पांढरा आणि चादरीवर ठेवलेले ते पिवळे हात. रक्त द्यायला लागलं. सेक्शनमधली सात माणसं व्हरांड्यात रांगेनं बसली होती, सगळ्यांचे हात तसेच, आणि पहिले शुक्लाजी आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टर आले. उंच, दमलेले, चष्मा कपाळावर ढकललेला. पोटात जखम आहे, जुनी आहे, म्हणाले. मग त्यांनी आईला विचारलं की हा माणूस दिवसभर खातो काय?

आई शाळेत उभी असल्यासारखी सरळ झाली. तिनं सगळं सांगितलं. तीन पोळ्या गव्हाच्या, तूप लावून. मिरची बंद केली आहे. वरण. आता दही पण देते. ती बोलत होती आणि तिच्या आवाजात एक अभिमान होता, की बाकी काही असो, माझ्या हातून यात कसर झाली नाही.

डॉक्टर ऐकून घेत होते. मग म्हणाले, "माताजी, ये आदमी महीनों से भूखा है."

"नाही जी," आई म्हणाली. हिंदी बोलायचं ती विसरूनच गेली. "डबा रिकामा येते. मी सोता पाहतो रोज."

तिनं वळून माझ्याकडे पाहिलं. साक्षीला पाहतात तसं. रोज मीच बाबांबरोबर घरी यायचे, डबा मीच तिच्या हातात द्यायचे. बाबांनी डोळे मिटून घेतले होते. पाणावले होते की कसे, मला दिसलं नाही. मला फक्त आईचा चेहरा दिसत होता, वाट पाहणारा. मी म्हटलं, "आई, डबा मी खायची."

तिला ते पहिल्यांदा समजलंच नाही. मला पुन्हा सांगावं लागलं. केव्हापासून, कुठे, किती. पोळ्या मी खाल्ल्या. तूप मी. दही मी. डॉक्टर कागदावर काही तरी लिहीत राहिले आणि मग हलकेच पुढच्या खाटेकडे गेले. आईनं मला मारलं असतं तर बरं झालं असतं. तिनं माझ्या खांद्यावरचा फ्रॉक, तिनं स्वतः सैल केलेली ती शिवण, दोन बोटांत धरून पाहिली आणि सोडून दिली. संध्याकाळी घरी नलूला आणि मला तिनं वाढलं. मी ताटाला हात लावेना तेव्हा एवढंच म्हणाली, "जेव. तुझ्या उपाशी राहण्यानं कोणाचं पोट भरत नाही."

बाबांशी ती बोलली, पण चार दिवसांनी, त्यांना जरा बसता यायला लागल्यावर. मी पायथ्याशी होते. तिचा आवाज चढला नाही. "लेकराकडून खोटं बोलवलं तुम्ही. तब्येतीचं मी सोसलं असतं. हे काहून केलं?"

बाबांनी आपले पिवळे हात चादरीवर उलटेपालटे करून पाहिले. मग त्यांनी हळूहळू सांगितलं. जेवणाची सुट्टी अर्ध्या तासाची. पण दारूच्या खोलीतले कपडे, जोडे घालून बाहेर येता येत नाही. ते उतरवायचे, हात तीन वेळा साबणानं धुवायचे, नळ चार आणि माणसं साठ. नंबर लागेपर्यंत परत कपडे चढवायची वेळ. नियम बरोबरच होता, ते म्हणाले, ती पावडर पोटात जाऊन चालत नाही. पण धुतलं तरी हाताची चव जात नाही. पोळी धरली की पोळी कडू. चहाचा कप कानाला धरून पिता येतो, म्हणून चहा, आणि चटणीच्या तिखटात कडू दबतं, म्हणून मंगोडे.

"मंग सांगाचं ना मले."

"तू चारले उठतेस," बाबा म्हणाले. "तुले काय सांगू, का तुझी पोळी कडू लागते?"

आई उठून व्हरांड्यात गेली आणि बराच वेळ आली नाही.

पोटाचं ऑपरेशन टळलं. डॉक्टरांनी घरी सोडताना बजावलं की पोट रिकामं ठेवायचं नाही, दोनअडीच तासांनी थोडं थोडं खायचं, चहा आणि तळलेलं बंद. लाइनीतल्या बायकांना हे ऐकून हसू आलं. फॅक्टरीत जाणारा माणूस काय तान्हं बाळ आहे? पण आई डोक्यात काही घेऊन बसली होती. बाबांना हाताच्या चवीशिवाय, पाच मिनिटांत, उभ्यानं काय खाता येईल? ती एकेक करून पाहायची आणि स्वतःचे हात मागे बांधल्यासारखे ठेवून मला पदार्थाला बोट न लावता भरवायला लावायची. केळं जमलं, कारण साल धरून खाता येतं. ज्वारीच्या लाह्या दळून ते पीठ गुळात आणि थोड्या तुपात वळून तिनं सुपारीएवढे लाडू केले, एका घासात जाणारे. प्रत्येक लाडू वेगळ्या कागदात, चॉकलेटसारखा पीळ देऊन. कागदाला धरायचं आणि लाडू थेट तोंडात. दुधात भिजवलेल्या कणकेच्या छोट्या दशम्या, त्याही कागदात गुंडाळून. कागद कापायचं काम माझं होतं. आई शेजारी बसून वळायची. आमच्यात बोलणं फार नव्हतं, पण ती मला दुसऱ्या कामाला उठवत नसे.

दोन महिन्यांनी बाबा कामावर रुजू झाले. लढाई थांबली होती, काम थांबलं नव्हतं. त्या पहिल्या दिवशी दुपारी आईनं नलूला शुक्लाभाभींकडे ठेवलं, नवं लुगडं नेसली, उरलेल्या लाडवांची पुडी कमरेला खोचली आणि मला म्हणाली, चल. आम्ही दोघी फॅक्टरीच्या कुंपणाशी जाऊन उभ्या राहिलो. पहारेकऱ्यानं हटकलं तर आई त्याला म्हणाली, भैया, सिर्फ देखना है.

भोंगा झाला. तारांपलीकडे, लांब, एका बैठ्या इमारतीतून माणसं निघाली आणि नळांशी रांग लागली. आई ओठांत काही मोजत होती. रांग सरकेना. बाबांनी सांगितलं होतं ते सगळं आम्हाला माहीत होतं, पण ते डोळ्यांसमोर होताना पाहणं वेगळं होतं. कोणी पायरीवर डबा उघडून तसाच बंद केला. कोणी बिडी पेटवायच्या खोलीकडे पळालं. शेवटी बाबा रांगेतून बाहेर आले, कडुनिंबाखाली उभे राहिले, ओले हात अंगापासून लांब धरून. मग त्यांनी खिशातून एक पुडी काढली, कागदाचा पीळ उलगडला आणि मान मागे टाकली. एक. मग दुसरा. शुक्लाजी शेजारी येऊन पाहत होते, त्यांनाही एक दिला. तिसरा खाऊन होईतो दुसरा भोंगा झाला. बाबांना आम्ही दिसलो होतो की नाही, सांगता येत नाही. ते आत गेले.

परतीचा रस्ता उन्हाचा होता. आई भराभर चालत होती, मी मागे. नाल्यावरच्या मोरीच्या कठड्यापाशी आल्यावर ती अचानक थांबली आणि खाली बसली. भर रस्त्यात, नव्या लुगड्यानिशी, येणारेजाणारे पाहत असताना. मी घाबरले. तिनं कमरेची पुडी काढली, एक लाडू तोंडात टाकला, मग आणखी एक. सावकाश, डोळे मिटून चावत होती. माझ्यासमोर असं बसून खाताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

"भूक लागली व," ती म्हणाली, आणि सरकून मला बसायला जागा केली.